मी त्या दिवशी गप्प बसले...

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी आपल्या लेकीला स्वतःच्या बाळंतपणाची हकीकत सांगितली आहे? डोहाळे कशाचे लागले होते, ओटीभरणाला कोणती साडी नेसले होते, ते नव्हे हो! ते तर आपण सगळ्याच रंगवून सांगतो. मी विचारते आहे ती दुसरी हकीकत. जी आपण सांगत नाही.

मी सांगितली नव्हती. तेहतीस वर्षं पोटात ठेवली. आणि त्यापायी माझ्या लेकीच्या आणि नातीच्या जिवावरचं संकट थोडक्यात टळलं. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

2019 सालची गोष्ट. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून आमच्याकडे साताऱ्याला आली. पोचवायला विहीणबाई आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघीजणी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई वयाने लहान पण कामाला चोख. नवा केसपेपर काढून एकेक प्रश्न विचारत होत्या. साखर? थायरॉइड? मग म्हणाल्या, "तुमच्या आईला किंवा बहिणीला गरोदरपणात बी.पी. वाढल्याचा, आकडी आल्याचा त्रास होता का?"

"नाही," लेक चटकन म्हणाली. पुण्यालाही तिने हेच सांगितलं होतं. तिला काय माहीत असणार?

मी मात्र शेजारीच बसले होते. तोंडाशी शब्द आले होते. पण पलीकडे विहीणबाई होत्या. मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली आणि गप्प बसले.

आता ती हकीकत सांगते. 1986 सालची. आमचे हे तेव्हा बँकेत, बदली एका तालुक्याच्या गावी. मला पहिल्यांदाच दिवस गेलेले. सातवा सरला आणि पायांवर अशी सूज आली की चपला घालवेनात. सासूबाई म्हणाल्या, "पहिलटकरणीला सूज यायचीच." कपाळ ठणकायचं, त्यावर सुंठेचा लेप लावायचा आणि कामाला लागायचं. तपासणीला मी दोनदाच गेले होते, तीही सुरुवातीला. एक दिवस पाणी भरताना डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं झालं. पुढचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले ती दुसऱ्या दिवशी, जिल्ह्याच्या दवाखान्यात. मला आकड्या आल्या होत्या. मुलगा झाला होता, वजन जेमतेम सव्वा किलो. दोन दिवस होता. मला त्याला धड बघताही आलं नाही.

घरी आल्यावर सगळे म्हणाले, "आठमाशी होता, जगायचा नव्हताच." आणि माझ्या आईने मला जवळ घेऊन कानात सांगितलं, "झालं गेलं गंगेला मिळालं. आकडीचं कुणाला बोलू नकोस. लोक फेफरं म्हणतील. उद्या तुझ्या पोटी मुलगी झाली तर तिच्या लग्नात आडवं येईल." तिचंही काही चुकलं नाही. त्या वेळी असंच होतं. फिट येणाऱ्या बाईची मुलगी कोण करून घेणार? 1989 साली ही लेक झाली, ते बाळंतपण सुखरूप पार पडलं, आणि मी त्या पहिल्या वाटेवर दगड ठेवला.

तर त्या दिवशी लेकीचा रक्तदाब भरला 130/84. "आधी 110/70 असायचा, आता थोडा वर सरकतोय. आठवड्याने नक्की या," बाई म्हणाल्या. विहीणबाई पुण्याला परतल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी लेकीचं डोकं दुखायला लागलं. मी बाम चोळला. सहाव्या दिवशी पोटात वरच्या बाजूला, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. मी म्हटलं, पित्त झालं असेल. कोकम सरबत करून दिलं. बोटातली अंगठी निघेना, ती साबण लावून काढली. बघा हं, ज्या बाईला हे सगळं स्वतःला झालं होतं, ती बाई बाम आणि कोकम करत बसली होती! मन किती पांघरुणं घालतं ना?

रात्री अकरा वाजता ती म्हणाली, "आई, डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय गं."

माझेच शब्द! मी ताडकन उठले. ह्यांनी गाडी काढली. दवाखान्यात रक्तदाब भरला 168/112. लघवीत प्रथिनं भरपूर. नर्स धावपळ करत होत्या आणि मी डॉक्टरीणबाईंचा हात धरून एका दमात सगळं सांगून टाकलं. लेक पलंगावरून माझ्याकडे बघत होती. तिला एक भाऊ झाला होता, हे तिला त्या रात्री कळलं.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पहिलं गरोदरपण, आणि आईला हाच आजार. या दोन गोष्टी एकत्र आहेत हे तिसऱ्या महिन्यातच कळलं असतं, तर कमी मात्रेतली ॲस्पिरिन सुरू करता आली असती. तिने धोका पूर्ण जात नाही, पण कमी होतो. शिवाय रक्तदाबावर आणि बाळाच्या वाढीवर आधीपासून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं असतं." ही गोळी साधारण बाराव्या आठवड्यापासून, सोळावा आठवडा उलटायच्या आत सुरू केली तर उपयोगी पडते. आता बत्तिसावा लागला होता. (एक मात्र ध्यानात ठेवा. ही गोळी कुणी आपल्या मनाने घेऊ नये. कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतात.)

या आजाराला म्हणतात प्रीएक्लॅम्प्सिया. शंभर गरोदर बायकांत दोन ते आठ जणींना होतो, म्हणजे काही विरळा नाही. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर गेला आणि जोडीला लघवीत प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसला, की तो हाच. 160/110 च्या वर गेला की तातडीचं काम. आणि आकडी आली की त्याला म्हणायचं एक्लॅम्प्सिया. फेफऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही! हे मला कुणी 1986 सालीच समजावलं असतं तर?

मी बाईंना विचारलं, "पण रक्तदाब आईचा वाढतो, मग पोटातलं मूल का वाळतं?" त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. बाळाचं खाणंपिणं, प्राणवायू, सगळं येतं वारेतून. गर्भाशयातून वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत चांगल्या रुंद व्हायच्या असतात. या आजारात त्या अरुंदच राहतात. वरच्या मजल्यावर पाणी चढवायचं आणि पाइप मात्र बारीक, अशातली गत. वार उपाशी राहते, आणि मग तिच्यातून अशी काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात की आईच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. खालून पंपाचा जोर वाढतो, तोच रक्तदाब. पण वर पाण्याची धार काही मोठी होत नाही. म्हणून आई अंगाने सुजते आणि बाळ आत सुकतं. गोळ्यांनी रक्तदाब उतरतो, आईचा मेंदू वाचतो. पण आजाराचं मूळ असतं वारेत. वार बाहेर आल्याशिवाय तो हटत नाही.

म्हणजे बाळंतपण करायचं. पण बत्तिसाव्या आठवड्यात? बाळाची फुप्फुसं अजून कच्ची. इथे डॉक्टरांची खरी कसोटी असते. लवकर काढावं तर बाळाला त्रास, थांबावं तर दोघांनाही धोका. त्यांनी ठरवलं, अठ्ठेचाळीस तास मिळवायचे. लेकीला बारा बारा तासांनी चार इंजेक्शनं दिली, बाळाच्या फुप्फुसांना बळ येण्यासाठी. आईला देऊन बाळाला पोचणाऱ्या या औषधाचा शोध न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या डॉक्टरांनी लावला, आणि तो 1972 साली प्रसिद्ध झाला. आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. जुनं, स्वस्त औषध. 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, आणि त्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो असं 2002 साली दिसून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई आणि जावई येऊन पोचले. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट झपाट्याने उतरू लागल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही. विहीणबाईंचा चेहरा पडला. "आठवा महिना चालू आहे हो. सातवं जगतं, आठवं जगत नाही म्हणतात. नववा लागेपर्यंत नाही का थांबता येणार?"

मैत्रिणींनो, ही समजूत तुमच्या-आमच्या घरोघरी आहे. बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, ते मी जसंच्या तसं मनात ठेवलंय. "आई, पोटातला एकेक आठवडा बाळाची ताकद वाढवतो. म्हणून सातव्यापेक्षा आठवं केव्हाही बरं आणि आठव्यापेक्षा नववं. पण आता पोटात त्याला खायलाच मिळत नाहीये. पोटात राहून ते वाढणार नाही, बाहेर आलं तर आम्ही वाढवू."

त्यावर विहीणबाई काही बोलल्या नाहीत. जावयांनी सही केली. मी त्या बाकावर बसून विहीणबाईंना माझी 1986 ची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं, त्या तोंड फिरवतील. त्या म्हणाल्या, "अहो, मला आधीच सांगायचं की! यात लपवण्यासारखं काय होतं?" एवढंच! या एवढ्याशा वाक्याला मी तेहतीस वर्षं भीत आले होते.

सिझेरियन झालं. मुलगी झाली. वजन 1,260 ग्रॅम. सव्वा किलो! आकडा ऐकून माझे पाय लटपटले. या महिन्यात मूल साधारण पावणेदोन किलोचं असतं. काचेतून पाहिलं तर हातपाय काड्यांसारखे, डोकं मात्र त्या मानाने मोठं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "घाबरू नका. रक्त कमी पडतं तेव्हा बाळ मिळेल ते आधी मेंदूला देतं, अंगाला नंतर. म्हणून असं दिसतं."

पुढचे दिवस आम्ही त्या खोलीच्या दाराशी काढले, आणि अशा बाळाला काय काय सोसावं लागतं ते एकेक करून कळत गेलं. अंगावर चरबी नाही, म्हणून ते लगेच गार पडतं. पेटीची ऊब लागते. शरीरात साखरेचा साठा नाही, म्हणून रक्तातली साखर उतरते. तिची पहिल्याच दिवशी उतरली, सलाइनमधून द्यावी लागली. आईला दिलेल्या रक्तदाबाच्या काही औषधांनीही बाळाची साखर आणि नाडी उतरू शकते, म्हणून तास-दोन तासांनी टाचेला टोचून बघायचे. श्वासाला नाकातून हवेचा दाब द्यावा लागला, पण तीनच दिवस. त्या चार इंजेक्शनांची पुण्याई. बाळाच्याही प्लेटलेट कमी भरल्या होत्या. आईच्या या आजारात तसं होतं, आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप भरून येतं. तसंच झालं. कावीळ झाली, निळ्या दिव्याखाली ठेवलं. आतड्यांनाही पोटात असताना रक्त कमी मिळालेलं, म्हणून दूध अगदी बेताबेताने, नळीतून. पहिल्या दिवशी एक-एक मिलिलिटर! पण ते आईचंच हवं, असा त्यांचा आग्रह. लेकीचा रक्तदाब अजून चढाच होता, तरी ती दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध काढून द्यायची. तिच्या गोळ्या चालू असल्या तरी दुधाला हरकत नव्हती, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी नर्सने बाळाला पेटीतून काढून नुसत्या लंगोट-टोपीवर लेकीच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कापड बांधलं. कांगारू पद्धत! 1978 साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ही सुरू केली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या कातडीची ऊब मिळते, श्वास आणि नाडी संथ राहते, दूध वाढतं, जंतुसंसर्ग कमी होतो. पैसा शून्य. लेक दमली की जावई शर्टाची बटणं सोडून बसायचे, आणि एक दिवस मीसुद्धा बसले. साठीकडे झुकलेल्या माझ्या छातीवर ते सव्वा किलोचं ऊन ऊन ओझं. मैत्रिणींनो, त्या दिवशी मी खूप रडले. नातीसाठी आणि त्याच्यासाठीही, ज्याला मी कधी घेतलं नव्हतं.

तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. दोन किलोंच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला ती करायलाच हवी, विसरू नका. बत्तिसाव्या दिवशी 1,800 ग्रॅमची नात घरी आली. आज ती शाळेत जाते आणि डबा न संपवता परत आणते! दरवर्षी तिचं वजन-उंचीबरोबर रक्तदाबही मोजून घेतो, कारण अशा मुलांचा तो पुढे थोडा चढा राहू शकतो.

आणि आई? आपल्याला वाटतं, वार पडली, आजार संपला. तसं नाही. आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत, आणि सहा आठवड्यांपर्यंत सावध राहायला हवं. शिवाय ज्या बाईला हा आजार होऊन गेला, तिला पुढल्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो. माझा रक्तदाब पन्नाशीत वाढला तेव्हा डॉक्टरांनी जुना इतिहास विचारला होता. तिथेही मी गप्पच बसले होते!

आता थोडं कामाचं बोलते.

गरोदरपणी प्रत्येक तपासणीत रक्तदाब आणि लघवी बघितलीच पाहिजे. नर्स विसरली तर आपण हात पुढे करावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, हात छातीच्या पातळीवर टेकलेला असावा आणि मोजताना बोलू नये. आकडा आपल्या कार्डावर लिहून घ्यावा. मागचा आणि आजचा शेजारी दिसला की चढ लगेच कळतो. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना 2016 पासून आहे.

चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या देतात, त्या टाळू नयेत. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्यांना या आजारापासून त्यांची मदत होते. मात्र लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये. मीठ साफ बंद केल्याने हा आजार टळत नाही; बेताचे, नेहमीचे जेवावे.

पायांवर थोडी सूज पुष्कळजणींना येते. पण चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोके दुखायचे थांबेना, डोळ्यांपुढे काजवे आले किंवा अंधुक दिसले, बरगडीखाली दुखले, लघवी कमी झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नये. आणि यातले काहीच नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, म्हणून बरे वाटते आहे अशी सबब सांगून तपासणी चुकवू नये.

आणि शेवटचं, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप. आपल्या लेकीला दिवस गेल्याची बातमी आली की पेढे वाटण्याआधी तिला बाजूला बसवा आणि आपलं सगळं सांगा. बी.पी. वाढलं होतं का, मूल अपुऱ्या दिवसांचं झालं का, एखादं गेलं का. सून असेल तर तिच्या आईला मोकळेपणाने विचारा, आणि विचारताना आपलं तोंड असं ठेवा की त्या माउलीला खरं सांगावंसं वाटेल. जावयाच्या आईला झालं असेल तर तेही सांगा.

मागच्या वाढदिवसाला लेकीने नातीची फाइल काढली. पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: आजीला 1986 साली, आईला 2019 साली. तारखा, आठवडे, वजनं, सगळं. नात अजून लहान आहे, तिला यातलं काही कळत नाही. पण तिला जेव्हा कुणी केसपेपर काढून तो प्रश्न विचारेल, तेव्हा तिच्याजवळ उत्तर असेल.